स्वमग्न लेकरासाठी मदतनीस कुत्रं: मराठवाड्यातल्या घरांनी कसं जमवावं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ अधूनमधून फिरून येतो. परदेशातलं घर, जमिनीवर डोकं आपटणारं स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल, आणि त्याच्या पायांवर येऊन निवांत पडणारं सोनेरी कुत्रं. व्हिडिओ संपायच्या आत कुणीतरी विचारतं, "आपल्याकडं कुठं मिळतं हे? कितीला?" मी परभणीत विशेष शिक्षिका आहे, त्यामुळं हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. तयार कुत्रं मराठवाड्यात मिळत नाही. घडवता मात्र येतं, आणि त्यासाठी दोन वर्षं आणि घरातलं एक मोठं माणूस लागतं. पैशाचा हिशोब त्याच्यानंतर.

आधी एक घोळ मिटवू. थेरपीचं कुत्रं थेरपिस्टबरोबर येतं, तासभर लेकराबरोबर राहतं आणि आपल्या मालकाबरोबर परत जातं. मुंबईच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनचं काम या प्रकारचं. मदतनीस कुत्रं कायम घरात राहतं आणि त्या एकाच लेकरासाठी ठरावीक कामं शिकलेलं असतं. अंध माणसांच्या वाटाड्या कुत्र्यांची परंपरा जुनी आहे; खास स्वमग्न मुलांसाठी कुत्री तयार करण्याची सुरुवात कॅनडातल्या नॅशनल सर्व्हिस डॉग्ज या संस्थेनं १९९०च्या दशकात केली. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल या जागतिक संघटनेच्या निकषांनुसार अशा कुत्र्याला अपंगत्वाशी थेट संबंध असलेली किमान तीन कामं यावी लागतात. तयारीला दीड ते दोन वर्षं जातात आणि वर प्रतीक्षायादी असते. तिसरा प्रकार घरच्याच सालस कुत्र्याचा. ब्रिटनमधली डॉग्ज फॉर गुड ही संस्था कार्यशाळांमधून पालकांनाच हे शिकवते. आपल्या घरांनी डोळ्यासमोर ठेवायचा तो हाच प्रकार: घरचं कुत्रं, पण दोन-तीन कामं पक्की घोटून घेतलेलं.

उपयोग किती होतो? कॅनडातच २०१०मध्ये ४२ स्वमग्न मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सकाळी उठल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सगळ्यांचंच वाढतं. या मुलांमध्ये ही वाढ कुत्रं येण्याआधी ५८ टक्के होती, कुत्रं घरात आल्यावर १० टक्क्यांवर आली आणि काही दिवस कुत्रं बाजूला ठेवल्यावर पुन्हा ४८ टक्क्यांवर गेली. म्हणजे ताण उतरतो, आणि कुत्रं आहे तोवरच उतरतो. स्वमग्नता बरी होत नाही, बोलणं आपोआप फुटत नाही. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हालचाली आणि रोजची कामं शिकवणारी थेरपी) आणि स्पीच थेरपी बंद करून त्या पैशात कुत्रं आणू पाहणाऱ्या घरांना मी स्पष्ट नको म्हणते.

आधी वही, मग कुत्रं

एक साधी वही घ्या आणि महिनाभर लिहा. लेकरू कधी बिथरलं, कुठं, त्याआधी काय घडलं, किती वेळ चाललं, कशानं थांबलं. रात्री किती वेळा उठलं. दाराबाहेर कधी सटकलं, कुठल्या दिशेनं गेलं. महिन्याच्या शेवटी वाचायला बसा आणि यातल्या कोणत्या दोन गोष्टींत कुत्रं काही करू शकतं ते ठरवा. "सगळ्यातच मदत होईल" असं वाटत असेल तर वही अजून नीट लिहून झालेली नाही.

दर खेपेला बिथरणं मिक्सरच्या आवाजानं सुरू होतंय असं वहीत दिसलं, तर उपाय कानावरचा हेडफोन आहे, कुत्रं नव्हे. झोप बिघडण्यामागं बद्धकोष्ठता किंवा मोबाईल असेल तर आधी तेवढंच सुधारा.

सटकून जाण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पुष्कळ स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ फार असते आणि भटकलेल्या मुलांचे जे मृत्यू होतात त्यांत बुडणं हे मोठं कारण आहे. आपल्याकडं उघड्या विहिरी आहेतच, त्यात गेल्या काही वर्षांत शेततळी वाढली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहता येणारा गडीसुद्धा हाताच्या जोरावर वर येऊ शकत नाही, लेकराची काय कथा! म्हणून कुत्र्याचा विचार करायच्या आधी दाराला लेकराच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर कडी बसवा. दाराला घुंगरू बांधा. शेततळ्याला कुंपण घाला आणि कडेला गाठी मारलेला दोर किंवा जुने टायर सोडून ठेवा. लेकराच्या गळ्यात किंवा शर्टाच्या आत फोन नंबर असू द्या. शेजारी, किराणा दुकानदार, ऑटोवाले यांना सांगून ठेवा. "हे एकटं दिसलं तर धरा आणि फोन लावा" हे म्हणायची लाज नको. हे सगळं झाल्यावर कुत्रं ही वरची आणखी एक कडी.

लेकराला कुत्रं चालतं का

पुष्कळ लेकरांना चालत नाही, आणि त्यात वावगं काही नाही. कुणाला भुंकणं कानात खिळा ठोकल्यासारखं लागतं, कुणाला ओल्या जिभेचा स्पर्श सहन होत नाही, कुणाला वासानं उलटी येते. गल्लीतली कुत्री मागं लागल्याची धास्ती बसलेली मुलंही बरीच.

मोबाईलवर भुंकण्याचा आवाज अगदी बारीक लावून सुरुवात करा आणि लेकरू खेळात असताना कित्येक दिवसांत हळूहळू वाढवा. मग ओळखीच्या घरातलं एखादं वयस्क, थंड डोक्याचं कुत्रं लांबून दाखवा. अंतर लेकरानं ठरवायचं. "हात लाव, हात लाव, काही करत नाही ते" असं म्हणत लेकराचा हात धरून कुत्र्यावर ठेवणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात; त्यांना त्या दिवशी बोलावू नका. बोलता न येणाऱ्या लेकराला दोन चित्रकार्डं द्या, ‘हवं’ आणि ‘नको’. ‘नको’ दाखवलं की कुत्रं लगेच मागं न्यायचं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या कार्डावर आहे, कारण आपलं म्हणणं इथं ऐकलं जातं हे लेकराला पहिल्यांदा यातून कळतं.

दमा किंवा ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. बिथरल्यावर लेकरू हाताला येईल ते ओढत, चावत, फेकत असेल तर सध्या थांबा. चांगल्यातलं चांगलं कुत्रंसुद्धा शेपटी पिरगाळून घेणार नाही.

घरातलं एक माणूस

परदेशातल्या संस्था या जोडीला दोघांची टीम म्हणत नाहीत, तिघांची म्हणतात: लेकरू, कुत्रं आणि कुत्र्याचा पट्टा हातात असलेलं मोठं माणूस. शिकवणारं, चारणारं, फिरवणारं, आज्ञा देणारं तेच. लेकरू कुत्र्याला सांभाळणार नसतं. कुत्र्यालाही ते मोठं माणूसच आपलं वाटतं, आणि तसंच असायला हवं.

मग ते माणूस कोण? आपल्या घरांत बोट आपसूक आईकडं जातं. पहाटे उठून डबे, शाळा, थेरपी, संध्याकाळी पुन्हा तेच, असा जिचा दिवस आहे तिच्या अंगावर पिल्लू टाकणं म्हणजे दुसरं लेकरू टाकणं. वडील, काका, कॉलेजात जाणारी बहीण, निवृत्त आजोबा यांच्यापैकी कुणी सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास, न चुकता, दोन वर्षं देणार असेल तरच पुढं वाचा. मला विचाराल तर आजोबा सगळ्यांत बरे: सकाळी लवकर उठतात, घाईत नसतात आणि एकच गोष्ट शंभरदा सांगायचा त्यांना कंटाळा नसतो.

एकत्र घरात सगळ्यांची संमती लागते. "देवघरात शिरलं तर?" "पाण्याच्या माठाला तोंड लावलं तर?" हे आजीचे प्रश्न उडवून लावू नका. देवघराला आणि स्वयंपाकघराला लाकडी फळीचं छोटं फाटक करून घ्या आणि कुत्र्याला पहिल्या दिवसापासून त्या उंबऱ्यावर ‘थांब’ शिकवा. काही घरांत लाळेच्या शिवाशिवीचा किंवा नमाजाच्या जागेचा प्रश्न असतो. तिथंही ठरलेल्या खोल्या आणि ठरलेल्या वेळा यांनी मार्ग निघतो, पण तो बोलून आधी काढायचा.

खर्चाचा अंदाज असा. पंचवीस-तीस किलोचं कुत्रं महिन्याला दहा-बारा किलो कोरडं खाद्य खातं. लस, जंताचं औषध, गोचिडांचं औषध धरून महिना साधारण चार-पाच हजार रुपये बाजूला ठेवा, आणि आजारपणासाठी वेगळी गंगाजळी. भाकरी-दुधावर गावातली कुत्री जगतात हे खरं. पण रोज काम करणाऱ्या कुत्र्याला प्रथिनं लागतात. शाकाहारी घरांनी तयार खाद्याचा मार्ग धरलेला बरा. उरलेली भाजी किंवा आमटी मात्र घालू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, आणि आपल्या कोणत्या भाजीत ते नसतात? मनुके, द्राक्षं, चॉकलेटही वर्ज्य.

कागदपत्रं

कुत्रं आणायला लेकराचं कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. तरीही यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर ते काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता आहे, आणि जिल्हा रुग्णालयात इसा या ४० प्रश्नांच्या भारतीय मापनश्रेणीवर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. पुढं शाळेशी बोलताना तेच हातात लागेल. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे. त्यात थेरपी बसते, कुत्र्याचा खर्च बसत नाही.

इंटरनेटवर ‘सर्व्हिस डॉग’चं ओळखपत्र आणि जाकीट काही हजारांत विकतात. त्या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही. २०१६च्या कायद्यात मदतनीस कुत्र्यासाठी वेगळं कलमच नाही. जाकीट हवंच तर गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्या आणि त्यावर ठळक मराठीत लिहा: ‘काम चालू आहे, हात लावू नका’. बाजारात त्याचा उपयोग होतो, विशेषतः पोरांना लांब ठेवायला.

कुत्रं निवडताना

जगभर लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रिव्हर यांनाच पसंती आहे, आणि कारण रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हुकमाकडं लक्ष ठेवून काम करायला निवडलेल्या या जाती, खाऊसाठी काहीही करायला तयार. आपल्याकडं लॅब्राडोर घ्यावा. गोल्डनच्या दाट केसांना मे महिन्याचं परभणी-नांदेडचं बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन झेपत नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड मराठवाड्यात आणणाऱ्यांबद्दल काही बोलतच नाही.

लातूर-चाकूर भागात कारवानी कुत्र्यांची हौस मोठी. देखणं जनावर, उन्हाला चिवट, आजारही कमी. पण हा शिकारी. सशामागं नजर लावून सुटणारा. मांजर दिसली की पट्ट्याच्या टोकाला लेकरू आहे हे तो विसरणार. या कामाला कारवानी नको. डॉबरमन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड हे राखणीचे, आणि किंचाळणाऱ्या लेकराभोवती राखणीची वृत्ती धोक्याची ठरते. उद्या लेकराला आवरायला धावलेल्या मावशीवरच ते झेपावेल.

गावठी कुत्र्याचं काय? माझं मत त्याच्या बाजूनं आहे, एका अटीवर: ते मोठं झालेलं असावं. पिलाचा स्वभाव पुढं कसा वळेल याचा भरवसा कुणालाच देता येत नाही. सात आठवड्यांच्या पिलाच्या स्वभावाच्या ‘टेस्ट’वर फार विसंबू नका. वर्ष-दीड वर्षाचं, माणसांत वाढलेलं, ओळखीच्या घरातलं कुत्रं मात्र जसं आहे तसं समोर दिसतं. स्टीलचं ताट त्याच्यामागं फरशीवर पाडून बघा. दचकेल, ते चालतं. पण चार-पाच सेकंदांत सावरून ताट हुंगायला येतं का? खाताना वाटीजवळ दुसरी वाटी सरकवली तर गुरगुरतं का? अनोळखी पोरं ओरडत पळाली तर मागं लागतं, लपतं, की बघत बसतं? आपल्याला बघत बसणारं हवं. पंजे, कान, शेपटी हळूच दाबून पाहा. आणि हे सगळं दोन वेगळ्या दिवशी करा. एका दिवसाची परीक्षा कुत्र्यालाही चुकू शकते.

लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचं तर दुचाकीवर खोक्यातून विकणाऱ्याकडून घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिलाची आई बघायला मागा. आई लाजाळू किंवा चिडकी असेल तर गोड बोलून बाहेर पडा. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे आहेत का विचारा. बहुतेक जण हसतील, तरी विचारा.

पहिले तीन महिने

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकाकडं. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२चं, उदगीरचं १९८७चं. दोन्हीकडचे दवाखाने मराठवाड्याला मोठा आधार आहेत. पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारांच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून ठरलेल्या अंतरानं, रेबीजची पहिली तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. गोचिडं आपल्याकडं बारमाही आणि गोचीडतापानं धडधाकट कुत्रं आठवड्यात झोपतं. त्याचं औषध चुकवू नका. नसबंदी योग्य वयात करून घ्या. महापालिका हद्दीत असाल तर परवान्याची चौकशी करा.

लेकराच्या रेबीज लसीचंही बालरोगतज्ज्ञांना विचारा. कुत्रं असलेल्या घरातल्या मुलांना ती आधीच देता येते. आपल्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण बोलता न येणारं लेकरू ओरखडा निघाला हे सांगणार नाही. रोज अंघोळीच्या वेळी हातपाय, मान, पाठ बघायची सवय लावून घ्या. चावा किंवा ओरखडा, गल्लीतल्या कुत्र्याचा असो की घरच्या, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. हळद-चुना काही लावायचं नाही.

लेकरू आणि कुत्रं या तीन महिन्यांत फक्त एकाच घरात राहतात, एवढंच. कुत्र्याला स्वतःचा कोपरा हवा, जिथं लेकराला जायची मनाई आहे. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ ओढली की लेकराला हद्द दिसते. दोघांना एकटं सोडायचं नाही. दूध उतू जातंय म्हणून आत धावतानासुद्धा पट्टा बरोबर न्यायचा.

याच काळात मोठ्या माणसानं पाच गोष्टी घोटून घ्यायच्या: बस, थांब, ये, सोड, जागेवर. शब्द घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. आजोबा "बस" म्हणतात, बाबा "सिट", ताई "खाली बस ना रे", मग कुत्रं गोंधळणारच. पाच मिनिटांची शिकवणी, दिवसातून तीनदा. खाऊ पनीरचा, उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

शिकवायला माणूस ठेवायचा तर एक सांगते. आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक राखणीची कुत्री तयार करणारे. साखळीला हिसका, पट्ट्याचा फटका, ‘धाक बसला पाहिजे’ ही त्यांची रीत. धाकानं शिकलेलं कुत्रं दबून असतं आणि एक दिवस अचानक चावतं. त्यांचं काम तासभर बघा. कुत्र्याची शेपटी पोटाखाली दिसली की नमस्कार करून निघा.

कामं शिकवणं

पहिलं काम, पायांवर भार देणं. अंगावर सारखा, जड दाब आला की पुष्कळ लेकरं शांत होतात. ओटीवाले जड गोधडी वापरतात ती याचसाठी. सतरंजीवर मोठ्या माणसानं पाय लांब करून बसायचं. खाऊची मूठ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला अशी न्यायची की कुत्र्याची हनुवटी मांडीवर टेकेल. टेकली की "टेक" म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. एक सेकंद, मग तीन, मग दहा. मग हनुवटीऐवजी छाती. "ऊठ" म्हटलं की लगेच उठायला हवं. हे ‘टेक’इतकंच महत्त्वाचं. मिनिटभर टिकायला लागलं की खोटं रडायचं, डोलायचं, हात झटकायचे आणि तरी कुत्रं टेकून राहतं का पाहायचं. मग ताईच्या पायांवर. मग लेकराच्या, तेही ते शांत बसून आवडीचं काही बघत असताना. असे कित्येक आठवडे गेल्यावरच बिथरण्याच्या पहिल्या चाहुलीला ‘टेक’ वापरायचं. लेकरू पूर्ण बिथरलेलं असताना नवी सुरुवात कधीच नाही. पोटावर-छातीवर भार द्यायचा नाही. पंधरा किलोच्या लेकरावर अठ्ठावीस किलोचं कुत्रं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. लहान लेकरू असेल तर नुसती हनुवटी पुरते.

दुसरं काम नाकानं ढोसणं. लेकरू हात चावायला लागलं की कुत्र्यानं येऊन त्या हाताला किंवा गुडघ्याला नाक लावायचं. लक्ष मोडतं आणि हात सुटतो. आधी तळव्याला नाक लावायला शिकवा. मग तुम्ही स्वतः मनगट तोंडाजवळ नेऊन थांबा आणि नाक लागलं की खाऊ द्या. काही दिवसांनी तुमचा हात तोंडाकडं गेलेला दिसताच कुत्रं उठून येईल. ढोसल्यावर तुमचं लेकरू उलट हात उगारणारं असेल, तर हे काम यादीतून काढून टाका.

तिसरं, बाहेर चालणं. परदेशात लेकराच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या हार्नेसला (छाती-पाठीवरून बांधलेल्या पट्ट्यांना) बांधतात आणि पूर्ण शिकलेलं कुत्रं लेकरू पळू लागलं की बूड टेकून थांबतं. घरी शिकवलेल्या कुत्र्याबरोबर हे करू नका. समोरून चार गल्लीची कुत्री आली आणि आपलं बिथरलं, तर बांधलेलं लेकरू ट्रॅक्टरखाली जाईल. त्याऐवजी दोन पट्टे वापरा: मुख्य पट्टा मोठ्याच्या हातात, आणि हार्नेसला अडकवलेला दुसरा हलका पट्टा लेकरानं नुसता धरायचा, कशालाही न बांधता. पट्टा धरून ठेवणं ही स्वतःच एक थेरपी आहे. ज्यांचा हात कुणी धरलेला चालत नाही, अशी लेकरंही पट्टा धरतात.

चौथं, शोधणं, जमलं तर. ताईनं लेकराला घेऊन पडद्यामागं बसायचं आणि आजोबांनी कुत्र्याला लेकराचं नाव घेऊन "शोध" म्हणायचं. सापडलं की खाऊ, आणि खाऊ लेकराच्या शेजारी. खोल्या, गच्ची, वाडा असं वाढवत न्या. यानं पोलिसांच्या श्वानपथकासारखं माग काढणारं कुत्रं तयार होत नाही. लेकरू खरंच हरवलं तर आधी विहीर-तळं बघायचं आणि लगेच ११२ला फोन लावायचा.

ऊन, फटाके आणि गल्लीतली कुत्री

मार्च ते जून फिरणं सूर्य वर यायच्या आत आणि रात्री. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. नाही ठेववली तर कुत्र्याचे पायही पोळणार. जोराची धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. साधं पाणी अंगावर ओतून पंख्याखाली ठेवा आणि ओलं असतानाच दवाखान्यात न्या. टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत कुत्र्याच्या पाण्याचा आणि अंघोळीचा हिशोबही आधीच धरा.

दिवाळीचे फटाके आणि गणपतीचा डीजे यांची तयारी पावसाळ्यात सुरू होते: मोबाईलवर बारीक आवाज, बरोबर खाऊ, हळूहळू मोठा. एवढं करूनही कुत्रं थरथरत असेल तर त्या दिवसांत त्याला कामावर लावू नका. तेव्हा लेकरालाही त्रास होत असतो आणि दोघांनाही आतली खोली आणि कूलरचा आवाज हवा असतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. एकदा टोळीनं घेरलं की सालस कुत्रंही आयुष्यभर बाकीच्या कुत्र्यांना भितं किंवा त्यांच्यावर धावून जातं. ठरलेला रस्ता ठरवा, त्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना आपली ओळख होऊ द्या, आणि हातात छत्री ठेवा. फटकन उघडली की बहुतेक मागं सरतात. शाळेचं मैदान किंवा कुंपणाचं शेत मिळालं तर सरावाला उत्तम.

शाळा, गाडी, सोसायटी

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. शाळेचं वेगळं. दिव्यांग कायद्याच्या कलम १६मध्ये लेकराच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय देण्याचं बंधन शाळेवर आहे आणि त्या आधारे अर्ज करता येतो. पण माझा सल्ला असा की कुत्रं शाळेत पाठवूच नका. पन्नास पोरांच्या वर्गात पट्टा धरायला मोठं माणूस कोण? फार तर फाटकापर्यंत सोडायला न्या. सकाळी फाटकावर होणारा तमाशा तेवढ्यानंही कमी होतो.

रेल्वेत कुत्र्याला बरोबर बसवायचं तर एसी फर्स्ट क्लासची आख्खी कुपे किंवा केबिन लागते, नाहीतर त्याची रवानगी ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत. पेटीतला प्रवास कामाच्या कुत्र्याला देऊ नका. मुंबई-पुण्याला थेरपीसाठी जाताना कुत्रं आजोबांकडं राहू द्या.

कुत्र्याचं म्हणणं

जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. या पाच खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. त्यांचा अर्थ एकच: मला इथून काढा. गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचनेविना दात लागतात. कुत्र्यालाही सुट्टी द्या, आठवड्यातून एक दिवस तरी, ज्या दिवशी त्यानं फक्त कुत्रं असावं आणि चिखलात लोळावं.

जमलं नाही तर, आणि म्हातारपणी

परदेशातल्या मोठ्या संस्थांमध्येही तयारीला घेतलेली बरीच कुत्री मध्येच गळतात. तुमच्याकडंही ‘टेक’ जमलं नाही, पण कुत्रं सालस आहे, असं होऊ शकतं. मग ते घरचं कुत्रं म्हणून राहू द्या. चावण्याकडं कल दिसला तर मात्र भीड धरू नका. कुत्रं आणायच्या आधीच शेतावरच्या भावाला किंवा कुणा जिवाभावाच्या माणसाला विचारून ठेवा: नाही जमलं तर नेशील का? हे उत्तर हातात असल्याशिवाय आणूच नका, कारण रस्त्यावर सोडणं हा गुन्हा आहे. देण्याची वेळ आलीच तर लेकराला चित्रांतून आधी सांगा: कुत्रं, गाडी, शेत, मामा. एका सकाळी ते नुसतंच नाहीसं झालेलं लेकरानं पाहू नये.

सगळं जमलं, तरी कामाची वर्षं मोजकीच. लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो, काम आठ-नऊ वर्षांपर्यंत. सातवं लागलं की लेकराचं वय किती झालं असेल ते मांडा. लेकराच्या आठव्या वर्षी कुत्रं घेतलं असेल तर तोवर त्याला मिसरूड फुटलेलं असेल आणि वहीतल्या गरजा पार बदललेल्या असतील. दुसरं कुत्रं हवं का, हे जुन्याच्या आठवणीवर ठरवू नका. नवी वही घ्या आणि महिनाभर लिहा. हवं असेल तर पहिलं धट्टंकट्टं असतानाच दुसरं आणा. नवं कुत्रं काही गोष्टी जुन्याकडं बघूनही शिकतं.